दौलतनानांची पॅक गाडी

मला गाडीच्या सायरनचे सहा आवाज काढता येतात. टुईं-टुईं, प्यां-प्यां, मग तो खाली खाली उतरत जाणारा विंऊंऽऽ, मग कोंबडी पकडल्यासारखा क्वॅक-क्वॅक, असे सहा, ओळीनं. चाकणला आमच्या कंपनीच्या कँटिनमध्ये चहा झाला की पोरं म्हणतात, "काढ रे तुझ्या नानाची गाडी." मी काढतो. पोरं टेबल बडवून हसतात. यातल्या एकानंही नानांना बघितलेलं नाही, त्यामुळं त्यांना हसणं परवडतं. मला तो आवाज काढताना अजून डोकं तापतं. त्या आवाजाच्या वरच्या मजल्यावर मी दोन-अडीच वर्षं राहिलोय.

दौलतनाना म्हणजे नाशिकचे माझे घरमालक. तेव्हा मी अंबड एमआयडीसीत नोकरीला होतो आणि पाथर्डी फाट्याजवळ त्यांच्या रो-हाऊसच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. नाना मूळचे चांदवडकडचे. तेही अंबडलाच एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तीस-एक वर्षं नट, बोल्ट, बेअरिंग, हातमोजे, ऑइलचे डबे सांभाळले आणि रिटायर झाले. म्हणजे कंपनीच्या दृष्टीनं झाले. त्यांच्या मनातलं स्टोअर काही बंद झालं नाही.

घरात सगळ्याला कुलूप. पाण्याच्या टाकीच्या झाकणाला कुलूप, गॅसच्या सिलिंडरला साखळी, चपलांच्या स्टँडला साखळी, अंगणातल्या कुंड्या तारेनं एकमेकींना बांधलेल्या, जत्रेत पोरांचे हात बांधून ठेवतात तशा. मी राहायला आलो त्या दिवशी नाना मला हे सगळं फिरून दाखवत होते. मी गमतीनं म्हणालो, "नाना, तुळस तेवढी मोकळी सोडली तुम्ही."

नाना गंभीर. "तुळस कोण न्हेतं रं? वृंदावन न्हेत्यात." आणि खाली वाकून त्यांनी मला वृंदावनाच्या बुडाचे चार बोल्ट दाखवले.

कमरेला किल्ल्यांचा जुडगा. चालले की छुन-छुन. नानी स्वयंपाकघरातून आवाजावरून सांगायच्या, "हे आता जिन्याखाली गेले. हे आता मोटारीचं कुलूप ओढून बघतायत." कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचे, मग चार पावलं जाऊन परत यायचे, आणि कुलपाकडं असं बघायचे की त्यानं मान खाली घालावी.

आणि त्यांचा शब्द होता 'पॅक'. जगात दोनच गोष्टी, एक पॅक आणि एक उघडी. "नाना, झोप लागली का?" "पॅक." मुलगी पुण्याला दिली होती, तर "पोरगी पॅक घरात दिली." एकदा नगरसेवक मतं मागायला आला, त्याला म्हणाले, "आमचं मत पॅक हाय." तो बिचारा हात जोडून गेला. कुणाच्या नावावर पॅक, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मला ते 'नाटक्या' म्हणायचे, कारण मी त्यांचाच आवाज काढून खालच्या दुकानदाराला फोन करायचो. नानी मला 'भाऊ' म्हणायच्या. त्या बागलाणातल्या, मी नामपूरचा, त्यामुळं नाना घरात नसले की आमचं अहिराणीत चालायचं. नानांवर चिडल्या की नाना घरात असले तरी चालायचं.

तर गाडी.

चांदवडला हायवे रुंद झाला आणि त्यात नानांच्या वाट्याची जमीन गेली. पैसे मिळायला बरीच वर्षं लागली, पण मिळाले. जावई म्हणाला फ्लॅट घ्या, बँकवाला म्हणाला एफडी करा. नानांनी दोघांचं नीट ऐकून घेतलं आणि पिंपळगावकडच्या एका द्राक्षवाल्याच्या पोरानं वापरलेली स्पोर्ट्स कार घेऊन आले. पिवळीजर्द. दोन दरवाजे. उंचीला माझ्या कमरेएवढी. तिच्यात बसायचं नसतंच, उतरायचं असतं, विहिरीत उतरतात तसं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो गतिरोधक होता त्याच्यावर ती पहिल्याच दिवशी पोट टेकून बसली. आम्ही सहा जणांनी उचलून अलीकडं आणली.

मी विचारलं, "नाना, तुम्हाला काय शौक होता का याचा?"

"शौक कसला," नाना तिच्या टपावरून रुमाल फिरवत म्हणाले. "आयुष्यभर दुसऱ्याचे नट-बोल्ट संभाळले. आता काय तरी आपलं पायजे ना संभाळाया."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. हा माणूस चालवायचं शब्दानंसुद्धा बोलला नाही.

नानी ओवाळणीचं ताट घेऊन दारात आल्या. गाडी बघितली, हसल्या, नवऱ्याला ओवाळलं, गाडीला ओवाळलं. नानांनी डावीकडचा दरवाजा उघडून धरला, एखाद्या साहेबाच्या ड्रायव्हरसारखा. "बस."

"नाही," नानी म्हणाल्या. "आधी गडावर."

जमिनीचे पैसे अडकले होते तेव्हा नानींनी सप्तशृंगीला नवस बोलला होता. पैसे सुटले तर त्यातून जे पहिलं वाहन येईल ते आधी देवीला दाखवीन, मगच त्यात पाय टाकीन. आमच्याकडं नवी गाडी गडावर नेतातच, पण नवसाची गोष्ट वेगळी. ती बोलून झालेली असते. आणि बोलण्यात अजून एक शेपूट होतं, ते नानींनी फक्त मला सांगितलं, भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता. "गडावरून उतरताना मी यांच्या शेजारी बसून उतरीन, असंही बोललेय. लग्नापासून कुठं जायचं तर हे सायकलवर पुढं आणि मी एसटीत. शेजारी म्हणून कधी बसलेच नाही रे."

नाना म्हणाले, "नेऊ ना गडावर. त्यात काय. आधी गाडी जरा पॅक करून घेऊ."

त्या 'जरा'नं आम्हाला खाल्लं.

नानांच्या भीतीमागं एक जुनी गोष्ट होती, ती मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की झोपेत त्यांच्या आवाजात सांगेन. तरुणपणी त्यांनी नवी मोटारसायकल घेतली होती आणि कांदा घेऊन मार्केटला गेले होते. लिलाव सुरू झाला. गाडीला कुलूप होतं, पण नानांचा जीव राहीना. शेजारी एक पांढऱ्या टोपीतला सभ्य माणूस शेंगा खात उभा होता. नाना त्याला म्हणाले, "भाऊ, जरा गाडीकडं लक्ष ठेवा." आणि लॉक अडकतं म्हणून, मध्ये कुणाला गाडी सरकवायला लागली तर असावी म्हणून, किल्लीही त्याच्याच हातात दिली.

"मंग?" मी दर वेळी विचारायचो.

"मंग काय! लय लक्ष ठेवलं त्यानं. आजून ठेवतोय कुठंतरी."

त्या दिवसापासून नानांनी कुठल्याही माणसाला कशावरही लक्ष ठेवायला सांगितलं नाही. माणसापेक्षा लोखंड बरं, हा त्यांचा निष्कर्ष. त्यात चूक त्यांची किल्ली देण्याची होती, हे मी एकदा सुचवून बघितलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पहिल्यांदा आला स्टेअरिंगला लावायचा दांडा. मग गिअरचं कुलूप. मग ब्रेकच्या पेडलला अडकवायचं एक लोखंडी खेकड्यासारखं काहीतरी. मग चाकाला लावायचा जॅमर, ट्रॅफिक पोलीस लावतात तसला, पिवळाच, गाडीला मॅचिंग. मग सायरन, तो माझा गुरू. मांजर बोनेटवरून गेलं तरी वाजायचा, शेजारच्या पोरानं सायकल आपटली तरी वाजायचा, आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणी जोरात शिंकलं तरी वाजायचा, असं मी लोकांना सांगतो, आणि ते पूर्ण खोटं नाही.

प्रत्येक वेळी नानी विचारायच्या, "झाली का पॅक? जायचं का मंगळवारी?" आणि प्रत्येक वेळी नाना गाडीभोवती एक चक्कर मारायचे, टायरला पायानं हलकं मारायचे, आणि म्हणायचे, "हिच्यात आजून एक फट हाय."

सगळ्यात मोठी फट होती चोर स्विच. म्हणजे गाडीत कुठंतरी लपवलेलं बटण. ते दाबल्याशिवाय इंजिन चालूच होत नाही. मुंबई नाक्याकडं एक फिटिंगवाला होता, रफिकभाई, त्यानं ते बसवून दिलं. छान बसवलं. नाना घरी आले आणि त्यांचा चेहरा पडला.

"काय झालं नाना?"

"आरं, त्याला ठावं हाय ना बटण कुठं हाय ते."

"अहो, त्यानंच बसवलंय. त्याला माहीत असणारच."

"तेच म्हणतो मी."

स्टोअरमध्ये त्यांचा नियम होता. एका माणसाला सगळं माहीत नको. मोठ्या कपाटाला दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन माणसं. तोच नियम त्यांनी गाडीला लावला. दुसऱ्या दिवशी द्वारका सर्कलकडच्या एका फिटिंगवाल्याकडून दुसरं चोर स्विच, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात सातपूरच्या एकाकडून तिसरं. तिघांना एकमेकांचं माहीत नाही. तीन माणसांनी तीन बाजूंनी तिच्या वायरी कापल्या आणि जोडल्या. मग ब्रेक दाबला की हॉर्न वाजायला लागला आणि उजवं इंडिकेटर दिलं की काच खाली यायला लागली. नाना परत रफिकभाईकडं गेले. त्यानं आत डोकं घातलं, बाहेर काढलं, आणि हात जोडले. "नाना, ये गाडी अब मेरे को भी चोर समझ रही है."

नानांना ते कौतुक वाटलं. घरी येऊन नानींना सांगितलं.

गाडी चालू करायची म्हणजे पूजा होती. मी त्याचा पूर्ण प्रयोग करायचो, नानांना समोर बसवून करायचो. आधी प्रदक्षिणा. मग चाकापाशी बसून जॅमरला नमस्कार. मग आत उतरून डोकं खाली, पाय वर, पेडलच्या खेकड्याला स्नान. मग दांडा, मग गिअर. मग डावा हात सीटखाली, उजवा हात कुठंतरी छातीजवळ, गुडघा डॅशबोर्डला, आणि तिन्ही बटणं त्याच क्रमानं, नाहीतर पहिल्यापासून. नाना माझी नक्कल बघून हसायचे, अगदी डोळ्यात पाणी येईपर्यंत, आणि मग म्हणायचे, "क्रम चुकला तुझा." पण बरोबर सांगायचे नाहीत.

एकदा मी वैतागून बोललोच. "नाना, ही गाडी चोरालाही नेता येत नाही आणि तुम्हालाही नेता येत नाही. मग तुमच्यात आणि चोरात फरक काय राहिला?"

नानांनी विचार केला. ते प्रत्येक प्रश्नाचा खरंच विचार करायचे, तिथंच माझी पंचाईत व्हायची. "फरक हाय. कागद माझ्या नावाचं हाय."

मग खरंच चोर आला. भर दुपारी. सायरन वाजला, सहाच्या सहा आवाज झाले, आणि कॉलनीतल्या एकाही माणसानं खिडकी उघडली नाही, कारण तो दिवसातून तसा वाजतच होता. मी शिफ्ट संपवून आलो तर गल्लीत गर्दी. गाडी जागेवर. जॅमर जागेवर. चोरानं गाडीचं कव्हर नेलं होतं. नवंकोरं, वॉटरप्रूफ, खाली साखळी ओवायला कड्या असलेलं. साखळी कापली होती आणि कुलपासकट कव्हर गेलं होतं.

मला वाटलं नाना खचतील. नाना गर्दीच्या मधोमध उभे, आणि चेहरा असा उजळलेला की मुलीच्या लग्नातही नसेल. "बघा! मी म्हणत नव्हतो? आला का नाय?" प्रत्येकाला हात धरून नेऊन मोकळी गाडी दाखवत होते. "माझं हसू करीत होते. आता बोला!"

नानी पायरीवर बसल्या होत्या. त्या मंगळवारी जायचं ठरलं होतं. ओटीचा खण, नारळ, लिंबं, सगळं पिशवीत भरून दाराला अडकवलेलं होतं. माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "भाऊ, हाई गाडी शे का तिजोरी शे? आते बारा महिना जातीन."

जीपीएस बसवलं ते कव्हर गेल्यावर. त्यामुळं मोबाईलवर नकाशा दिसायचा आणि त्यात एक पिवळा ठिपका, म्हणजे गाडी. नाना जेवताना ठिपका बघायचे. नानींनी भाजी वाढताना विचारलं, "अजून मीठ हवं का?" तर म्हणायचे, "हाय जागेवर."

नानींच्या भाचीचं लग्न होतं सटाण्याला. मीही गेलो होतो, गावाकडचं म्हणून. आम्ही अर्थातच एसटीनं गेलो. मंडपात शिरल्यापासून जो तो नानींना एकच विचारत होता. "नवी गाडी घेतली म्हणे? पिवळी? कुठं लावली?" नानी हसून सांगायच्या, "अजून गडावर जायचीय ना. मग आणू." पहिल्या दहा जणांना हसून सांगितलं. नंतर नुसतं "हं" म्हणायला लागल्या. एक वहिनी तर म्हणाल्या, "का हो, घेतलीय ना नक्की?"

मंगलाष्टकं चालू झाली. नाना माझ्या शेजारी उभे, एका हातात अक्षता, दुसऱ्यात मोबाईल. शेवटचं कडवं आलं आणि मोबाईल किंचाळला. नानांनी बघितलं. ठिपका सरकला होता. घरापासून थेट नासर्डी नदीत.

"न्हेली," नाना म्हणाले. "आरं न्हेली रं!"

"नाना, नदीत कोण नेईल? नेटवर्कचा गोंधळ असेल."

पण नाना निघाले होते. सगळ्यांच्या अक्षता नवरानवरीकडं, आणि एक माणूस उलट्या दिशेनं, मूठ तशीच मिटलेली. स्टेजवरून मावशी म्हणून नानींना फोटोला बोलावलं, "काका कुठंयत?" म्हणून सगळे बघत राहिले. नानी एकट्याच उभ्या राहिल्या. फोटोवाला म्हणत होता, "ताई, जरा मधे सरका, जागा मोकळी दिसतेय."

गाडी अर्थातच जागेवर होती. नाना संध्याकाळी आम्हाला सांगत होते, "बरं झालं आलो. खात्री झाली." मूठ त्यांनी घरी जाऊन उघडली होती. अक्षता गाडीच्या बोनेटवर पडलेल्या मी बघितल्या. गाडीवर टाकल्या का नुसत्या सांडल्या, देव जाणे.

 सकाळी चहा देताना नानी म्हणाल्या, "येत्या मंगळवारी मी एसटीनं गडावर चाललेय. माझा नवस आहे, मला फेडायचाय. तुम्ही गाडी आणली तर देवीला दाखवीन. नाही आणली तर तिला सांगीन, बाई, गाडी घरी पॅक आहे, तूच येऊन बघ."

नानांचा कप तोंडाशीच राहिला. "आणतो ना. कोण नाय म्हणलं?"

मंगळवारी माझी सुट्टी होती. नानींच्या गुडघ्यांमुळं सोबत म्हणून मी गेलो. आम्ही एसटीनं, कारण नवस फिटेपर्यंत नानी गाडीत बसणार नव्हत्या. नाना मागून गाडीनं. जाताना नानी खिडकीत बसल्या होत्या, नवीन लुगडं, अंबाडा घट्ट घातलेला. दिंडोरी गेल्यावर मला म्हणाल्या, "येताना मी काच खाली करू का वर ठेवू रे? वाऱ्यानं केस उडतात ना त्यात?" मी म्हणालो, "नानी, उजवं इंडिकेटर दिलं की ती आपोआपच खाली येते." त्या इतक्या हसल्या की कंडक्टरनं वळून बघितलं.

गडावर पोचलो तर पिवळी गाडी पार्किंगच्या एका कोपऱ्यात, आणि नाना चाकाशी बसून जॅमर लावतायत.

"चला वर," नानी म्हणाल्या. "दर्शन घेऊ, कुंकू आणू, मग गाडीची पूजा."

नानांनी डोंगराकडं बघितलं, मग पार्किंगमधल्या माणसांकडं. "तू जाऊन ये. मी हितूनच हात जोडतो. देवीला काय, सगळं दिसतं."

मला वाटलं नानी आता भांडतील. त्या ओटीची पिशवी घेऊन निघाल्या. आम्ही रोपवेनं वर गेलो. गर्दी होती. नानींनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. पुजाऱ्यानं "पुढं चला, पुढं चला" केलं तेव्हा कुठं हलल्या.

खाली आलो तर नाना दिसेनात. गाडी बंद, सगळ्या काचा वर. जवळ जाऊन बघतो तर नाना आत. ताठ. पुतळ्यासारखे. फक्त डोळे हलतायत.

"नाना?" मी काचेवर टकटक केली.

नानांचे डोळे माझ्याकडं वळले. ओठ न हलवता काहीतरी पुटपुटले. मला अर्ध्या मिनिटानं उलगडा झाला. त्यांनी आदल्या दिवशी अजून एक बसवून घेतलं होतं, आत कुणी हललं की वाजणारं. ते चालू करून स्वतःच आत बसले होते. आणि रिमोट पँटच्या खिशात.

"किती वेळ असे बसलायत?"

नानांना घाम फुटला होता. कपाळावरून थेंब नाकावर आला. नाकाच्या शेंड्यावर थांबला. नाना शिंकले.

पूर्ण पार्किंग गोळा झालं. दोन हवालदार आले, एक फुगेवाला आला. नाना खिशात हात घालून धडपडतायत, सायरन सहा आवाज क्रमानं वाजवतोय, आणि नानी पूजेचं ताट घेऊन शांत उभ्या, जसं काही बँड वाजतोय.

मग पूजा झाली. कुंकू पत्र्यावर नको, रंग जातो, म्हणून काचेवर लावलं. चाकाखाली लिंबं ठेवायची तर गाडी पुढं जायला हवी, म्हणून जॅमर काढला, खेकडा काढला, दांडा काढला, गिअरचं काढलं, साखळी काढली, तीन बटणं झाली. गाडी घुर्र करून हातभर पुढं आली. लिंबं फुटली. नानींनी लांब दगडावर नारळ फोडला, डोंगराकडं तोंड करून पदर धरला आणि म्हणाल्या, "फिटलं गं बाई."  फुगेवाल्यानंही हात जोडले.

मग त्यांनी लुगडं सावरलं, चप्पल झटकली, आणि डावीकडच्या दरवाजाशी गेल्या. नानांनी धावत येऊन दरवाजा उघडला.

सीटवर कुलपं होती. जॅमर, दांडा, खेकडा, गिअरचं कुलूप, साखळीचं वेटोळं. काढलेलं सगळं त्यांनी तिथंच टाकलं होतं. मागं सीट नव्हतीच. डिकी म्हणजे शाळेचं दप्तर मावेल एवढी, तिच्यात सायरनची जादा बॅटरी.

"हे कुठं ठेवायचं?" नानींनी विचारलं.

"हां," नाना म्हणाले. खरंच विचार करायला लागले. डोकं खाजवलं. "आसं कर. जॅमर तू मांडीवर घे. दांडा पायाशी. साखळी गळ्यात... नाय, साखळी पायाशी."

"जॅमर मांडीवर?"

"जड नाय लय."

मला राहवलं नाही. "नाना, सगळं माझ्याकडं द्या. मी एसटीनं घेऊन येतो. तुम्ही दोघं या निवांत."

नानींनी माझ्याकडं असं बघितलं की मला अजून ते आठवतं. नानांनीही बघितलं. मग कुलपांकडं बघितलं. मग लांब उभ्या एसटीकडं.

"आन् वाटंत च्याला थांबलो तर? गाडी उघडी ठिवू?"

"नका थांबू चहाला!"

"आन् तू झोपतो एसटीत," नाना म्हणाले, अगदी मायेनं. "कुनी न्हेलं म्हंजी?"

मी काहीतरी ओरडणार होतो. नानींनी माझ्या दंडाला हात लावला. त्या वाकल्या, सीटवरचा दांडा घसरत होता तो नीट आत ढकलला, आणि दरवाजा लावला. हळू लावला, आपटला नाही.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "बसू द्या त्यांना. चल भाऊ, गाडी सुटंल."

"अगं, आगं थांब ना," नाना म्हणत होते. "करतो ना काहीतरी. जागा करतो." पण गाडी सोडून आमच्या मागं यायचं तर ती उघडी राहणार. चार पावलं आले आणि परत गेले.

पुढच्या महिन्यात मला चाकणची नोकरी लागली. नाना तेव्हा मुलीकडं गेले होते, निघताना भेट झाली नाही. म्हणून नाना म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येतात ते त्या दिवशीचे, घाटातले.

आमची एसटी खाली उतरत होती. आम्ही मागच्या बाजूला बसलो होतो. वळणावर मागच्या काचेतून पिवळी गाडी दिसली. ती एसटीच्या बरोबर मागं चालली होती. नांदुरी आली, रस्ता सरळ झाला, ड्रायव्हरनं हात बाहेर काढून "जा पुढं" म्हणून खूण केली. त्या गाडीला एक पाय दाबायची खोटी, आम्ही ठिपका झालो असतो. नाना गेले नाहीत. मी हातानं सांगितलं, पुढं व्हा. त्यांनी मान हलवली, आणि बोटानं आधी स्वतःच्या डोळ्यांकडं, मग आमच्या बसकडं दाखवलं.

शेजारच्या सीटवर जॅमर होता. त्या गाडीत डावीकडं वजन ठेवलं की पट्टा लावेपर्यंत ती पीं-पीं करत राहते.

नानींनी मागं वळून बघितलं नाही. प्रसादाची पुडी मांडीवर धरून समोर बघत होत्या. वणी आल्यावर विचारलं, "येस का मांगे?"

"येतायत."

"पट्टा लावलाय का?"

"हो," मी म्हणालो. "दोघांनी लावलाय."